जुनं कांसं-पितळ जमवायचंय? नाशकातून सुरुवात कशी करावी

जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक पाडले जाताहेत. वाडा रिकामा करताना माळ्यावरून काय काय खाली येतं: घंगाळ, बंब, पानाचा डबा, काजळी धरलेल्या समया, दांडा तुटलेली घंटा. नव्या फ्लॅटमध्ये त्यांना जागा नसते. मग ते सगळं पोत्यात भरून भांडी बाजारात जातं, काट्यावर चढतं आणि मोडीच्या भावाने विकलं जातं. तिथून पुढे भट्टी. एकदा वितळलेली समई परत मिळत नाही. म्हणून यातली एखादी चांगली वस्तू ज्याला वेळेवर ओळखता येते, त्याच्या हातून मोलाचं काम होतं असं मला मनापासून वाटतं. ते काम नीट, कायद्यात बसवून आणि फसगत न होता कसं करावं, ते नव्या माणसासाठी इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. सुरुवात देवाच्या मूर्तीपासून करू नका. घरात वापरलेल्या वस्तूंपासून करा. नवख्याला भुरळ पडते ती नटराजाची, विष्णूची, पार्श्वनाथाची. पण सगळ्यात जास्त नकली माल मूर्तींमध्येच आहे, चोरीचा माल मूर्तींमध्येच आहे आणि कायद्याची बंधनंही मूर्तींवरच सगळ्यात कडक आहेत. दिवे, अडकित्ते, वज्री (पाय घासायची पितळी घासणी), चुनाळी (पानाच्या चुन्याच्या डब्या) यांत दोन-तीन वर्षं हात घातलात की धातू बोलायला लागतो. मूर्तीचं त्यानंतर बघता येईल.

पहिली पायरी: धातू हाताला कळू द्या

बाजारात सरसकट सगळ्याला ‘ब्राँझ’ म्हणतात. तांब्यात कथील मिसळलं की कांसं, जस्त मिसळलं की पितळ. घरातल्या कांशाच्या ताट-वाट्यांमध्ये साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं. म्हणून ते ठणठणीत वाजतं, आणि म्हणूनच हातातून पडलं तर तडकतं. पितळ पडलं तर त्याला पोचा पडतो. ओतीव मूर्तींमध्ये कथील यापेक्षा बरंच कमी असतं, कधी शिसंही असतं. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या देव्हाऱ्यांत ज्यांना पंचधातूचे म्हणतात, असे पुष्कळसे देव प्रत्यक्षात पितळेचे असतात. त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्यांचा पैसा पंचधातूचा म्हणून मोजू नका.

घडवणारे हातही वेगळे आहेत. तांबट पत्रा ठोकून, मठारून भांडं घडवतो. ओतारी साच्यात धातू ओततो. घंगाळ, हंडा, कळशी ही ठोकलेली; समईचा दांडा, घंटा, अडकित्ता, देव हे ओतलेले. ठोकलेलं जुनं भांडं तिरप्या उजेडात धरा. ठोक्यांच्या रांगा दिसतात, आणि पुष्कळदा बुडाशी किंवा पोटाशी दातेरी सांधा दिसतो, जिथे पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत अडकवून झाळलेल्या असतात. झाळीचा रंग बाकी पितळेपेक्षा थोडा वेगळा असतो. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला असा सांधा नसतो. मात्र तयार पत्रे विलायतेहून मुंबई बंदरात १९व्या शतकातच मोठ्या प्रमाणात येऊ लागले होते. त्यामुळे पत्रा सारख्या जाडीचा आहे एवढ्यावरून वस्तूला नवी ठरवू नका.

खिशात लहान लोहचुंबक आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. पितळ, तांबं, कांसं यांना चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. खरेदी मोठी असेल तर सराफ बाजारात सोन्याचा टंच (शुद्धता) काढायच्या एक्सआरएफ यंत्राखाली, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या यंत्राखाली, वस्तू धरून बघता येते. ते यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं आणि वय सांगत नाही, पण एक उपयोगी गोष्ट सांगतं: जस्त किती. जुन्या रीतीत जस्ताची खनिज माती तांब्याबरोबर बंद मुशीत तापवून पितळ करत. त्या रीतीने जस्त साधारण २८ टक्क्यांच्या वर जात नाही. त्यापेक्षा जास्त जस्त घालायचं तर शुद्ध धातूरूपातलं जस्त हातात हवं, आणि ते मोठ्या प्रमाणावर काढायला आपल्याकडे सुरुवात झाली ती मध्ययुगात, उदयपूरजवळच्या जावर इथे. तेव्हा ‘गुप्तकालीन’ म्हणून दाखवलेल्या पितळी मूर्तीत ३५ टक्के जस्त निघालं, तर पुढची चर्चाच नको.

दुसरी पायरी: विकत घेण्याआधी खूप बघा

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय या विषयाची शाळाच आहे. दिवे, अडकित्ते, घरगुती भांडी यांचा तसा संग्रह आपल्या बाजूला दुसरीकडे नाही. एका दिवसात सगळं बघायला जाऊ नका. एक प्रकार धरा. समजा अडकित्ते धरलेत, तर प्रत्येकाची खीळ कुठे आहे, पातं लोखंडी आहे का, दोन दांडे एकसारखे ओतलेत की नाहीत, एवढंच बघत राहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी धातुशिल्पं आहेत. दायमाबादच्या प्रसिद्ध ठेव्यातलीही काही तिथेच आहेत. दायमाबाद आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठावरचं. १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना तिथे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ओतीव शिल्पं सापडली. चारही मिळून ६० किलोंच्या वर वजन. नाशिकपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर हजारो वर्षांपूर्वी एवढं भरीव ओतकाम होत होतं, हे समोर उभं राहून बघितल्याशिवाय पटत नाही.

ओतायची रीत समजून घेतलीत तर खरं-खोटं ओळखायला फार मदत होते. आधी मेणाची प्रतिकृती, तिच्यावर मातीचे लेप, मग तापवून मेण बाहेर आणि त्या पोकळीत धातू आत. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. या रीतीत साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून तंतोतंत एकसारख्या दोन मूर्ती सहसा होत नाहीत. बाजारात तीच मूर्ती, तोच खोबणीतला दोष, तीच तुटकी बोटं तीन दुकानांत दिसली, तर ती एकाच आधुनिक साच्यातली भावंडं आहेत.

तिसरी पायरी: पहिली खरेदी

माझा सल्ला विचाराल तर पहिली वस्तू वज्री घ्या. वज्री म्हणजे अंघोळीच्या वेळी पाय घासायची पितळी पायघासणी. वर हत्ती, मोर, घोडा किंवा पोपटाची जोडी, खाली खरखरीत तळ, कधी आत खडे टाकून ओतलेले खुळखुळे. लहान असते, परवडते, आणि वापराच्या खुणा इतक्या स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर दिसत नाहीत. उलटी करून भिंगाखाली धरा. तळाच्या रेघा मध्यभागी झिजलेल्या हव्यात, कारण टाच तिथेच घासली जाते. कडेच्या रेघा त्यामानाने धारदार राहिलेल्या असतात. आता सरळ करा. हत्तीची पाठ गुळगुळीत असेल, पण पोटाखाली आणि पायांच्या मध्ये ओतकामाचा खरबरीतपणा तसाच असेल, कारण बोटं तिथे पोचतच नाहीत. नव्याने ‘जुनी’ केलेल्या वज्रीचा तळ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा असतो आणि काळा रंग मात्र सगळीकडे सारखा चढवलेला असतो. हात लागतो तिथे झीज आणि हात पोचत नाही तिथे मळ: हा नियम समईपासून मूर्तीपर्यंत सगळीकडे चालतो.

समई घेताना ती पूर्ण सुटी करा. बूड, दांडा, वरचं तेलाचं तबक आणि माथ्यावरचा हंस किंवा कळस हे भाग आट्यांनी जोडलेले असतात. हाताने पाडलेले जुने आटे जाड आणि थोडे वाकडेतिकडे असतात. ते आपल्याच जोडीदारात नीट बसतात, दुसऱ्यात अडकतात. एका समईचं बूड आणि दुसरीचा दांडा जोडून विकायची पद्धत फार आहे. सगळे भाग शेजारी शेजारी ठेवून उजेडात रंग बघा. एक पिवळा आणि एक लालसर, म्हणजे जोडसमई. ती घेऊच नये असं नाही, पण भाव तसाच द्यावा. लामणदिव्यात साखळी बघा. जुन्या साखळीच्या कड्यांमध्ये मधूनमधून हत्ती, पक्षी ओवलेले असतात. तुटलेली कडी तारेने किंवा लोखंडी साखळीने जोडली असेल, तर घेण्याआधी कळायला हवं.

भांड्यांवरची नावं जरूर वाचा. आपल्याकडे लग्नाकार्यात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची चाल आहे, आणि बरोबर पुष्कळदा साल किंवा शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो: शके १८४० म्हणजे १९१८ (पौष ते फाल्गुनातली तारीख असेल तर ७९ मिळवा). जुनी नावं ठोक्या-ठोक्यांच्या ठिपक्यांनी घातलेली असतात. यंत्राच्या सुईने कोरलेली रेघ सलग आणि बारीक असते. नाव वस्तूपेक्षा नवं असू शकतं, एवढं लक्षात ठेवा. वडिलांच्या तांब्यावर मुलीचं नाव घालून तो रुखवतात दिला, असं घरोघर व्हायचं.

कुठे शोधायचं

भांडी बाजारातल्या मोड घेणाऱ्या दुकानांशी ओळख वाढवा. पहिल्या भेटीत ‘अँटिक आहे का’ असं विचारलंत की भाव चौपट होतो. चहा घ्या, नव्या भांड्यांची चौकशी करा, आणि मग सांगा, ‘शेठ, मोडीत जुनं काही आलं तर पोतं भरायच्या आधी मला एक फोन करा. मोडीपेक्षा जास्त देईन.’ मोडीचा त्या दिवसाचा भाव आधीच विचारून ठेवा. तो तुमचा तळ. त्यावर घडणावळ, जुनेपण आणि दुर्मिळपणा यांचं किती द्यायचं, हे बघून बघूनच कळतं. गंगेवरच्या (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) बुधवारच्या बाजारातही जुन्या वस्तूंची पथारी मांडून बसणारे असतात. तिथे सकाळी लवकर जावं, स्वच्छ उजेडात बघावं, आणि ‘हे गंगेत सापडलं’ असं सांगून कुणी मूर्ती पुढे केली तर हात लावून परत ठेवावी.

घरातून वस्तू घ्यायचा योग आला तर घाई करू नका. समोर बसलेल्या बाईला विचारा, ‘आजी, ही समई माहेरची की सासरची?’ या एका प्रश्नाने वस्तूचा निम्मा इतिहास बाहेर येतो. माहेर येवल्याचं, समई आईच्या लग्नातली, वाडा कुठल्या गल्लीत होता. ते सगळं लिहून घ्या. आणि वस्तू मोडीच्या कितीतरी वरच्या मोलाची असेल तर तसं सरळ सांगा. म्हाताऱ्या माणसाकडून किलोच्या भावाने चांगली वस्तू उचलून आणणं मला मान्य नाही. घरातल्या मुलांशी बोलून ठरवायला त्यांना आठवडाभर द्या.

कायदा: इथे हयगय नको

१९७२ चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, शिल्प, कलावस्तू ही या कायद्याने पुरावस्तू ठरते. अशी वस्तू बाळगायला आणि देशातल्या देशात विकत घ्यायला बंदी नाही, पण धातूच्या मूर्ती-शिल्पांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. नोंद झालेली मूर्ती घेतलीत तर मालकी बदलल्याचंही कळवावं लागतं. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तो मागून बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या वस्तूला नोंदणी लागते की नाही, अशी शंका आली तर पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

खासगी माणसाला पुरावस्तू परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. नाशकात हा प्रश्न फार घरांत येतो, कारण मुलगा अमेरिकेत आणि आजीचे देव इथे. देव शंभर वर्षांच्या आतले असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं आणि मगच ते सामानात ठेवावेत. विमानतळावर वाद घालून काही होत नाही.

शेतात, पाया खणताना काही सापडलं तर त्यासाठी वेगळा कायदा आहे, १८७८ चा निखात निधीचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कुणी ‘शेतात निघालंय, गुपचूप देतो’ म्हणालं, तर वस्तू खरी असली तरी अडचण आणि खोटी असली तरी अडचण.

मूर्तीच्या बाबतीत मूळ ठिकाणाचा कागद नसेल तर घेऊ नये, याचं मोठं उदाहरण तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज. गावच्या देवळातून चोरीला गेलेली ही चोळकालीन मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलर देऊन घेतली. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळातच काढून ठेवलेले जुने फोटो होते. त्यांच्याशी मूर्ती जुळली आणि २०१४ मध्ये ती भारतात परत आली. एवढ्या मोठ्या संस्थेच्या तज्ज्ञांची ही गत झाली. आणि त्या गावाला आपला देव परत मिळायला केवढा काळ जावा लागला, तेही लक्षात घ्या. आपल्याकडेही गावोगावच्या देवळांतून मुखवटे, मूर्ती, घंटा चोरीला जातात. देव्हाऱ्यात न मावणारी मोठी मूर्ती, पायाशी उपटल्याच्या किंवा करवतीच्या ताज्या खुणा, मूर्तीखालची बैठक गायब: यांतलं एकही दिसलं तर पाऊल मागे घ्या.

नकली जुनेपण

नव्या पितळेला आम्लात बुडवून, खारट ओल्या मातीत पुरून हिरवं-काळं करतात. असा थर कापसाच्या बोळ्याने घासला की निघतो, किंवा नखाने पापुद्र्यासारखा सुटतो. खरा थर धातूत मुरलेला असतो. पूजेतल्या मूर्तीचं नाक, गुडघे, स्तन, पावलं वर्षानुवर्षांच्या घासण्याने बोथट होतात आणि कानामागे, वस्त्राच्या चुणीत तेल-कुंकवाचा कडक काळा मळ बसतो. चेहरा पुसट पण पैंजणाचा मणी न् मणी ठसठशीत, हे जुळत नाही. ग्राइंडरच्या समांतर ओरखड्यांसाठी बूड बघा. नकली करणारा चेहऱ्यावर खूप कष्ट घेतो, बुडावर घेत नाही.

वही ठेवा

प्रत्येक वस्तूला एक पान. चारी बाजूंचे आणि बुडाचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. उंची, वजन, कुणाकडून घेतली, कधी, किती दिले, त्यांनी काय सांगितलं. पावतीवर विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि वस्तूचं वर्णन हवं. ‘जुनी भांडी, १ नग’ अशी पावती उपयोगाची नाही. वही तुमच्यापाशी, तिची प्रत घरातल्या दुसऱ्या कुणापाशी.

शेवटी जपणूक

आणल्या आणल्या वस्तू चिंचेने किंवा पितांबरीने घासायला घेऊ नका. घरात कितीही आग्रह झाला तरी नाही. रोजच्या पूजेची उपकरणी घासलीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण संग्रहातल्या जुन्या वस्तूवरचा तपकिरी-काळा थर हाच तिचा पुरावा आणि तेच तिचं कवच. आम्लाने तो गेला की कोरीवकाम दर वेळी थोडं थोडं बोथट होत जातं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. समईवर तेलाचा चिकट थर असेल आणि धातू धडधाकट असेल, तर सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात कापड बुडवून पुसा आणि लगेच पूर्ण कोरडं करा. वार्निश किंवा लॅकर मारू नका.

पावसाळ्यात दर आठवड्याला एक फेरी मारा. फिकट हिरवे, पिठासारखे सुटणारे ठिपके दिसले तर ते साधं कळकणं नव्हे. तांब्यातले क्लोराइड क्षार दमट हवेत धातू आतून खातात, त्याचे ते ठिपके आहेत. ती वस्तू लगेच वेगळी काढा, पाणी लावू नका, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि धातूच्या जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा. बाकीच्या वस्तू लोकर आणि छापील वर्तमानपत्र टाळून, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात. सिलिका जेलच्या पुड्या ओल धरत असल्याने महिन्या-पंधरा दिवसांनी बदला. घाटाजवळच्या जुन्या घरात राहत असाल तर संग्रह तळमजल्यावर ठेवूच नका. गोदेला पूर आला की पाणी सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत चढतं, आणि गाळाच्या पाण्यात राहिलेली समई सुकवायला वेळ फार लागतो.